खांबावरची देवी आणि सत्त्याऐंशी मिलिमीटर

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि ज्यांचा आयुष्यात लोखंडाशी कधीच संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसही अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, एका वातानुकूलित काचेच्या खोलीत, चपला बाहेर काढून असे सिद्ध करण्यात आले, की एक लोखंडी ड्रम आणि एक लोखंडी खांब यांच्यामध्ये सत्त्याऐंशी मिलिमीटर अंतर राहते. सिद्ध करणारी व्यक्ती मी. टाळ्या नंतर वाजवल्या तरी चालतील.

आता सावकाश सांगते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणारी, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, आणि पस्तीस माणसांच्या कारखान्यातली एकुलती एक मुलगी. आम्ही ड्रम उलटवणारी यंत्रं बनवायचो. अंबरनाथ-बदलापूरच्या केमिकल कारखान्यांत भरलेले ड्रम वरच्या भांड्यांत ओतायचे असतात. आधी हे काम चार माणसं खांदे लावून, शिव्या देऊन करायची. आमच्या यंत्राचा लोखंडी हात ड्रमला कवेत घ्यायचा, माडीवर न्यावा तसा वर न्यायचा आणि अलगद कलता करायचा. शिव्या तेवढ्या वाचायच्या.

एकच अडचण होती. असलं यंत्र मोकळ्या मैदानात कोणी लावत नाही. ते लावायचं असतं जुन्या कारखान्यात. तिथे आधीच खांब असतात, पाइप असतात, जिना असतो, कठडा असतो. ग्रुप फोटोसाठी सगळे दाटीवाटीने उभे राहिलेत आणि शेवटच्या क्षणी एक धिप्पाड मामा मध्ये घुसवायचाय, अशी आमच्या प्रत्येक यंत्राची स्थिती. त्यामुळे प्रत्येक ऑर्डरच्या वेळी एकच प्रश्न: हा हलताना कुणाला लागणार तर नाही ना?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आमच्याकडे मिस्त्रीकाका होते.

मिस्त्रीकाका सुतार. मूळचे संगमेश्वरकडचे, राहायला बदलापुरात हेंद्रेपाड्याला, रोज सायकलवर येणार. वय छप्पन्न, म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं. शेडच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचं लाकूडखातं. तिथे ते पेटीच्या लाकडातून गिऱ्हाइकाचे खांब, कठडे आणि आमच्या यंत्राचा हात, सगळं खऱ्या मापात उभं करायचे. मग लाकडी हाताला दोर बांधून तो बोटाबोटाने फिरवायचा आणि जिथे दोन वस्तू फार जवळ येतील तिथे मिस्त्रीकाकांनी आपला डावा अंगठा घालून बघायचा. अंगठा सुखाने गेला की पास. तरुणपणी हातोडी बसून तो अंगठा चपटा झाला होता. मी एकदा गुपचूप कॅलिपर लावून मोजला, अठ्ठावीस मिलिमीटर भरला. वीस वर्षं हे आमच्या कंपनीचं अधिकृत प्रमाण होतं, आणि एकही यंत्र कुठेही धडकलं नव्हतं.

मग कॉम्प्युटर आला.

आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी. हौशी माणूस. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी पडद्यावर एक यंत्र हलताना बघितलं आणि त्यांचं त्यावर प्रेम बसलं. पंधरा दिवसांत काचेची खोली बांधली गेली, एसी बसला, दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लागली आणि मला तीन दिवसांच्या शिक्षणासाठी मुंबईला पाठवण्यात आलं. परत आले तेव्हा शेठ चहाच्या सुट्टीत सगळ्यांना जमवून एका लाकडी खोक्यावर उभे राहिलेले.

"देखो भाई लोक," शेठ म्हणाले. त्यांची मराठी दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत पाय घालायची. "पुढचं मशीन बदलापूरला जाणार. त्याचं लाकूड नाय बनणार. आपली बाई कॉम्प्युटरला विचारणार, टकराएगा के नहीं. मशीन तिथे बराबर चाललं, तर एक तारखेपासून लाकूडखातं बंद. मिस्त्रीला आपण इज्जत से घरी पाठवू."

सगळ्यांनी माना वळवून मिस्त्रीकाकांकडे बघितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक तपासलं आणि विचारलं, "आणि धडकलं तर?"

"तर कॉम्प्युटर विकून टाकू!" शेठ हसले. बाकीचेही हसले.

चहा पिताना मिस्त्रीकाका माझ्या शेजारी येऊन बसले. "दोन वर्षं राहिली होती गो बाय," ते म्हणाले. "घरी बसून काय करू? दोन खोल्यांत आमच्या हिचं राज्य. सकाळी नऊनंतर मी घरात दिसलो तर माझ्याकडे अशी बघते, जसा मी जमिनीवर पडलेला भुसा. झाडू कुठाय ते शोधायला लागते."

हे त्यांनी हसत सांगितलं. पण त्या दिवशी त्यांनी चहा बशीत ओतला आणि प्यायचे विसरले. माझी अवस्था तुम्ही ओळखाल. त्यांना घरी पाठवणारा कागद माझ्याच हातून निघायचा होता.

तरी, काम ते काम. मी चपला काढल्या आणि खोलीत शिरले.

लोकांना वाटतं कॉम्प्युटर सगळं स्वतः बघतो. अजिबात नाही. दोन वस्तूंमधलं अंतर तपासायचं, तर आधी तुम्हीच त्याला सांगायचं की कुठल्या दोन. गिऱ्हाइकाच्या नकाशावरून पडद्यावर उभारलेल्या मॉडेलमधले सगळे तुकडे दोन गटांत घालायचे. पहिल्या गटातल्या प्रत्येकाचं दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी किती अंतर आहे, ते तो यंत्राच्या प्रत्येक स्थितीत मोजत जातो. मर्यादा तुम्ही द्यायची. मी पन्नास मिलिमीटर दिली होती. त्याच्या आत कोणी आलं की पडद्यावर लाल.

मी पहिल्या दिवशी लोखंडी हात एका गटात आणि ड्रम दुसऱ्या गटात टाकला. पडदा लालबुंद. अंतर शून्य.

शेठ मागेच उभे. "छा थियो?" काय झालं, हे ते घाबरले की थेट सिंधीत विचारायचे. "जिरो? जिरो मतलब?"

"टक्कर होतेय, शेठ."

"कुठे?"

"सगळीकडे. सुरुवातीपासून."

काचेच्या पलीकडून मिस्त्रीकाका बघत होते. पायाला भुसा लागलेला, म्हणून त्यांना आत मज्जाव होता. त्यांनी काचेवर टकटक केली आणि दार किलकिलं करून तोंड आत घातलं. "अगो, त्या हातानं ड्रमाला धरलंय. धरलंय तर लागणारच. लग्नात काय करतो आपण? मुलीकडचे एका बाजूला, मुलाकडचे दुसऱ्या बाजूला. भांडण होणार ते ह्या बाजूचं त्या बाजूशी. नवऱ्यामुलाला त्याच्या आईनं मिठी मारली, त्याला कोण भांडण म्हणतं?"

मी गुपचूप हात, पकड आणि ड्रम वरपक्षात घातले. खांब, पाइप, जिना, कठडा आणि ज्या भांड्यात ओतायचं ते भांडं, सगळे वधूपक्षात. लाल गेलं. शेठनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी दुसरी गंमत. यंत्राने किती किती अंश फिरल्यावर थांबून मोजायचं, हेही तुम्हीच ठरवायचं. मी दहा अंश दिले. शून्यावर मोज, दहावर मोज, वीसवर मोज. वीस मिनिटांत निकाल. शेठ खूश. पुन्हा काचेवर टकटक.

"बाय, दहावरून वीसवर जाताना मध्ये काय झालं, ते ह्यानं बघितलं काय?"

"नाही काका."

"मग ह्यो डोळे मिटून उड्या मारतोय आणि खाली बघतोय फक्त उडी संपल्यावर."

मी दहाचा एक केला. आता कॉम्प्युटर जेवणाच्या सुट्टीपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत कण्हत राहिला. मी पंख्याचा आवाज ऐकत बसले. पाच पस्तीसला आकडा आला. ड्रम बासष्ट अंशांवर कलतो तेव्हा त्याचा तळ मागे झुलतो आणि खांबाच्या सगळ्यात जवळ जातो. किती जवळ? सत्त्याऐंशी मिलिमीटर. मर्यादा पन्नास. पास!

प्रिंटर करकरला. शेठनी तो कागद फाडला आणि एखादं बारसं झाल्यासारखे पेढे मागवले. मिस्त्रीकाकांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून वरच्या खिशात ठेवला. "खांब म्हणजे तो दाराशेजारचा ना? भांड्याच्या डावीकडचा?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"काय नाय. ड्रॉइंगात काय काय आहे त्याच्यावर?"

"खांबच आहे नुसता."

"हां," ते म्हणाले, आणि लाकूडखात्याकडे गेले. तिथे करायला काही नव्हतं, म्हणून रंधा पुसत बसले.

पुढच्या मंगळवारी दुपारी ते माझ्याकडे आले. "बाय, मशीन जिथे जायचंय त्या बदलापूरच्या कंपनीत आज आरती असते. चल, प्रसाद खायला नेतो. गूळ-चणे फार मायेनं देतात."

"काका, मला काम आहे."

"हेच काम समज."

मी माझी मोपेड काढली, ते मागे एका बाजूला पाय सोडून बसले आणि आम्ही निघालो. कंपनीत पहिली पाळी सुटत होती. माणसं हातपाय धुऊन एका खांबापाशी जमत होती. टाळ, एक ढोलकी आणि पंधरावीस दमदार गळे. आरती सुरू झाली. मीही टाळ्या वाजवायला लागले. मिस्त्रीकाका माझ्या शेजारी डोळे मिटून उभे. आरती संपली, माझ्या ओंजळीत गूळ-चणे पडले. मी पहिला घास तोंडात टाकला आणि वर बघितलं.

दाराशेजारचा खांब. भांड्याच्या डावीकडचा. आणि त्या खांबावर, हात उंच करून घंटा वाजवावी एवढ्या उंचीवर, म्हणजे जिथे आमचा ड्रम बासष्ट अंशांवर मागे झुलणार नेमका तिथे, एक सुरेख सागवानी देव्हारा. आत देवी. आगीला बंदी असलेला कारखाना, म्हणून निरांजनाच्या जागी लाल बल्ब. वर कळस, पुढे पितळी घंटा, आणि झेंडूचा भलाथोरला हार.

उरलेले गूळ-चणे मी मिस्त्रीकाकांच्या ओंजळीत ओतले.

मी पर्समधून टेप काढला. खांबाच्या अंगापासून घंटेच्या टोकापर्यंत दोनशेवीस मिलिमीटर. आमच्याकडे होते सत्त्याऐंशी. म्हणजे चाचणीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, दोनशे किलोचा ड्रम देवीच्या घरात एकशे तेहतीस मिलिमीटर आत घुसणार होता.

नकाशा काढणारा माणूस खांब काढतो, पाइप काढतो, गटारही काढतो. पण देव कोण काढतो? कुठल्याही कारखान्याच्या नकाशात देव नसतो आणि कुठल्याही कारखान्यात तो नसतो असं होत नाही. हे मला चोवीस वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं, आणि मुंबईच्या तीन दिवसांत तर नाहीच नाही.

कामगारांचे पुढारी समोरच होते. मोठ्या मिशांचा, शांत माणूस. मी धीर करून विचारलं, "दादा, हा देव्हारा जरा पलीकडच्या खांबावर हलवता येईल का?"

ते माझ्याकडे बघून इतक्या प्रेमाने हसले की मला घाम फुटला. "ताई, तुमचं मशीन हलवा की. त्याला चाकं लावता येतात."

बाहेर आल्यावर मी मिस्त्रीकाकांना धरलं. "तुम्हाला माहीत होतं!"

"असणारच. देव्हारा मीच केलाय. सहा-सात वर्षं झाली."

"मग सरळ सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर शेठ काय म्हणाले असते? सुतारानं नोकरी वाचवायला मध्ये देवी आणली. म्हणून म्हटलं, तूच बघ. आता तू बघितलंस. माझं नाव घेऊ नकोस."

या माणसाने नुसतं गप्प राहायचं होतं. धडक झाली असती, कॉम्प्युटर विकला गेला असता आणि लाकूडखातं पुन्हा गजबजलं असतं. त्याऐवजी त्यांनी मला मोपेडवरून स्वतःच्या निरोपसमारंभाला नेऊन आणलं होतं. वर गूळ-चणेही खायला घातले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी नळाखाली घोट्यापर्यंत पाय धुतले, दाराशी पायपुसण्यावर दोनदा पुसले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी देव्हारा मॉडेलमध्ये घालायला घेतला. मापं त्यांना तोंडपाठ. कळस इतका, चौकट इतकी, पायरी इतकी. मी एकेक ठोकळा रचत गेले. झाला म्हटल्यावर ते पडद्याजवळ वाकले.

"घंटा?"

"आहे की."

"ती सरळ लटकलीय. वाजवल्यावर झुलेल ना?"

मी झुलण्याची जागा धरून तिथे एक गोल घातला.

"हार? मंगळवारी साधा असतो. नवरात्रात ह्याच्या दुप्पट."

मी नवरात्राचा हार घातला.

"आता हार घालणारा माणूस. स्टुलावर उभा राहतो, कोपर बाहेर काढून."

"काका, माणूस चढलेला असताना यंत्र बंदच ठेवायचं असतं!"

"हां, ते बरोबर," ते म्हणाले. "मग त्याला राहू दे. त्याचं पोट तसंही तुझ्या पडद्यात मावणार नाय."

देवी वधूपक्षात गेली आणि पडदा लाल झाला. आता प्रश्न होता तो लाल घालवायचा. पुढचे तीन दिवस आम्ही जे केलं त्याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. इतकी मजा मला नंतरच्या पूर्ण नोकरीत आली नाही. हात आखूड केला, तर ड्रम भांड्यापर्यंत पोहोचेना. यंत्र पुढे सरकवलं, तर ड्रमचं तोंड कठड्याला लागलं. खांबाला खूश करावं तर कठडा रुसायचा. दर वेळी मी गट तपासायचे, मर्यादा तपासायचे, एकेक अंश चालवायचे, आणि दोघं लाल रेषेकडे बघत बसायचो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीकाका एकदम म्हणाले, "ड्रमाला कंबरेला धरलंयस गो. घरी हंडा ओतताना कुठे धरतेस? खाली बुडाला एक हात असतो ना? बुडाजवळ धर. बूड कमी झुलेल."

फिरण्याचा खिळा त्यांच्या सांगण्यावरून टीचभर खाली घेतला आणि यंत्र चार बोटं पुढे. कठडा तेवढ्यापुरता कापायचा ठरवला. सकाळी चालवायला टाकलं, दुपारी तीन वाजता आकडा आला. हारापासून चौसष्ट. सगळं हिरवं.

मिस्त्रीकाका खुर्चीवरून उठले. "लाकडात हे करायला मला दोन महिने लागले असते," ते पडद्याकडे बघत म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की त्याचा अर्थ माझ्या लक्षात यायला मिनिटभर लागलं. मग त्यांच्याही आला. ते बाहेर गेले आणि चपला घालायच्या विसरून शेडच्या टोकापर्यंत गेले.

शेठना मी सांगितलं की रचना थोडी बदलावी लागेल. "कॉम्प्युटर बोला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." खरं सांगते, मिस्त्रीकाकांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं हे अर्धंच कारण. शेठ रोज कोणाकोणाला घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवत, "हमारी बाई पडदे पे मशीन चलाती है." ती शाबासकी मला फार गोड लागत होती.

चाचणीचा दिवस आला. यंत्र बदलापूरला उभं राहिलं, त्याला हार घातला, देवीला नवरात्रातला दुप्पट हार घातला, नारळ फुटला. ड्रममध्ये केमिकलऐवजी पाणी भरलं होतं. शेठ कडक इस्त्रीचा सफारी घालून आलेले. कामगार, त्यांचे मिशीवाले पुढारी, सगळे अर्धगोल करून उभे. मिस्त्रीकाका मागे, टोपी हातात घेऊन. बटण माझ्याकडे.

मी दाबलं. हाताने ड्रम कवेत घेतला, वर नेला, आणि कलवायला सुरुवात केली. वीस अंश. चाळीस. ड्रमचा तळ मागे, देवीकडे झुलायला लागला. पन्नास. लाल बल्बचा उजेड ड्रमच्या पत्र्यावर पसरला. त्याच क्षणी देव्हाऱ्यातली घंटा किणकिणली.

पुढाऱ्यांनी हात जोडले. मी डोळे मिटले नाहीत एवढंच. घंटा धक्क्याने नाही, यंत्राच्या थरथरीने वाजत होती. मध्ये स्वच्छ, सुरेख चौसष्ट मिलिमीटरची फट होती आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. सत्तर. नव्वद. पाणी धबाबा भांड्यात पडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"देखा?" शेठ ओरडले. "कॉम्प्युटर को सब मालूम! देवी का भी मालूम!" मग ते मिस्त्रीकाकांकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "मिस्त्री, बुरा मत मानना. बोललो होतो तसं. एक तारखेपासून..."

"होय साहेब," मिस्त्रीकाका म्हणाले. "ठरलं होतं तसंच झालं." आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

ती टोपी घालण्याची पद्धत मला सहन झाली नाही.

"शेठ," मी म्हटलं. माझा आवाज नाटकातल्यासारखा मोठा आला, कारण बारीक आवाजात ते सांगायची माझी हिंमत नव्हती. "कॉम्प्युटरला देवी माहीत नव्हती. त्याला फक्त खांब माहीत होता. माझा पहिला कागद चुकीचा होता. आपण पेढे वाटले त्या हिशोबाने आज देव्हाऱ्याच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. मला इथे आणून देवी दाखवली ती मिस्त्रीकाकांनी. घंटा, हार, बुडाला धरायची युक्ती, सगळी त्यांची. मी फक्त माउस हलवला. आणि शाबासकी खाल्ली."

पुढाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते हळूच दोन पावलं सरकून मिस्त्रीकाकांच्या शेजारी येऊन उभे राहिले. शेठनी देव्हाऱ्याकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं, मधल्या फटीकडे बघितलं. मग मिस्त्रीकाकांकडे.

पुढचं आधी सांगून टाकते. लाकूडखातं बंद झालं, ते टळलं नाही. पण मिस्त्रीकाका राहिले, पूर्ण दोन वर्षं. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे माझ्याआधी ते जायचे आणि नकाशात नसलेल्या वस्तू लिहून आणायचे. एका ठिकाणी पाण्याच्या माठाचं स्टँड, एका ठिकाणी वॉचमनची बाज, एका ठिकाणी खांबाला टांगलेले सतरा डबे. मग माकडटोपी घालून एसीत माझ्या शेजारी बसायचे आणि कोण कुठल्या पक्षाचा ते सांगायचे. त्यांच्या पत्नीने मला एकदा घरी बोलावून खास घावन खायला घातले आणि का घातले ते अजिबात सांगितलं नाही.

पण हे सगळं ठरायला अजून दहा मिनिटं अवकाश होता. त्या क्षणी शेठ नुसतेच मिस्त्रीकाकांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तू चूप बसला असतास तर कॉम्प्युटर गेला असता. तुझी नोकरी पक्की होती. मग सांगितलंस कशाला?"

मिस्त्रीकाकांना असल्या प्रश्नाची सवय नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, देवीकडे बघितलं, पुढाऱ्यांच्या मिशीकडे बघितलं, आणि मग जे तोंडात आलं ते सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले:

"अहो साहेब, ठिकऱ्या झाल्या असत्या तर ह्या लोकांनी देव्हारा परत माझ्याकडूनच करून घेतला असता, आणि तसलं सागवान आता मिळतंय कुठे?"